शेवट ठाऊक असलेली गोष्ट

गेल्या रविवारी दुपारी शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या. वाटी रिकामी परत करायची नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे वाटीत लिंबाचं गोड लोणचं होतं. चेहरा मात्र आंबट होता.

"तू सिनेमावर लिहितेस ना गं?" त्यांनी बसता बसताच सुरुवात केली. "मग एकदा हेही लिही, की या प्रेमाच्या सिनेमांनी आमच्या पोरींची डोकी फिरवली आहेत म्हणून."

प्रकरण असं होतं. काकूंची लेक २७ वर्षांची, बँकेत नोकरीला. आदल्या रविवारी एक स्थळ बघून गेलं. मुलगा इंजिनियर, निर्व्यसनी, एकुलता एक, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. पत्रिका जुळली, दोन्हीकडच्या आयांचं गूळपीठ जमलं. आणि ही म्हणते, "आमचं बोलणंच झालं नाही." मुलाकडच्यांना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"बोलणं काय व्हायचंय?" काकू म्हणाल्या. "लग्न झालं की जन्मभर बोलायचंच आहे. पण हिला ते सिनेमातल्यासारखं हवं. जरा समजावशील का तिला?"

समजवायला म्हणून मी गेले. लेक आपल्या खोलीत पलंगावर बसली होती. उशीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर 'जब वी मेट' चालू होता. रतलामच्या स्टेशनवर गाडी नुकतीच चुकली होती.

"कितव्यांदा?" मी विचारलं.

"मोजणं सोडलं, ताई."

"अगं, पण शेवट पाठ असेल तुला."

"शेवटासाठी कोण बघतं?"

हे उत्तर घेऊनच मी घरी आले. समजवायचं राहूनच गेलं.

तीच गोष्ट, नवे कपडे

प्रेमाच्या विनोदी सिनेमांवरचा नेहमीचा आक्षेप काय? की त्यात नवीन काही नसतं. 'तो' आणि 'ती' पहिल्याच भेटीत भांडतात. परिस्थिती त्यांना एकत्र आणून सोडते. भांडता भांडता सूर जुळतो. मग एक गैरसमज, एक विरह, एक दुःखी गाणं. शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी मागे स्टेशनवर, विमानतळावर किंवा भर पावसात धावतं आणि आपण रुमाल शोधतो. तिकीट काढताना जे ठाऊक होतं, तेच बघून आपण घरी परततो.

आक्षेप खोटा नाही. उलट पुरावे हवे तितके आहेत. १९३४ साली अमेरिकेत फ्रँक काप्राने 'इट हॅपन्ड वन नाइट' काढला. श्रीमंत बापाची हट्टी मुलगी घरातून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये तिची गाठ नोकरी गमावलेल्या एका बातमीदाराशी पडते. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली. मग हीच गोष्ट आपल्याकडे १९५६ मध्ये राज कपूर-नर्गिसच्या 'चोरी चोरी'त आली. १९९१ मध्ये आमिर खान आणि पूजा भट्ट यांच्या 'दिल है के मानता नहीं'मध्ये पुन्हा आली. वडिलांनी जो सिनेमा बघितला, तोच मुलांनी बघितला. फक्त नायिकेची वेशभूषा बदलली.

दुसरी गोष्ट हंगेरीची. मिक्लोश लास्लो या लेखकाच्या १९३७ च्या नाटकात एका दुकानातले दोन नोकर दिवसभर एकमेकांशी भांडतात आणि रात्री एका अनोळखी व्यक्तीला मन मोकळं करून पत्रं लिहितात. ती अनोळखी व्यक्ती म्हणजे तेच दोघं, हे वेगळं सांगायला नकोच. १९४० मध्ये अर्न्स्ट लुबिशने त्यावर 'द शॉप अराउंड द कॉर्नर' काढला. १९९८ मध्ये 'यू हॅव गॉट मेल' आला, तेव्हा पत्राच्या जागी ई-मेल आला एवढंच.

आपल्याकडचा विक्रम तर सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'ने मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरमध्ये डिसेंबर २०१४ ला १००० आठवडे पूर्ण केले. हजाराव्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्याला 'बाप शेवटी लेकीचा हात सोडणार की नाही' याची काळजी होती, असं कोण म्हणेल?

आणि मराठी माणसाने तर या बाबतीत नाक मुरडूच नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आलं १८८२ साली. सुभद्रेचं मन अर्जुनावर, तिच्या दादाने ठरवलेला नवरा दुर्योधन, अर्जुन संन्याशाच्या वेशात आणि धाकटा भाऊ कृष्ण पडद्याआडून सगळी सूत्रं हलवतोय. प्रेम आहे, अडथळा आहे, वेशांतर आहे, विनोद आहे. अर्जुनाला सुभद्रा मिळणार हे महाभारत ऐकलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून नाटक रिकामं गेलं नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी ते वन्समोअर घेत घेत बघितलं.

मग बघायचं काय?

शेवट ठाऊक असूनही आपण बसतो, याचं सोपं उत्तर आहे की बरं वाटतं. दिवसभर ऑफिस, लोकल, गॅस, शाळेची फी. संध्याकाळी दोन तास असे हवेत की ज्यात कुणी मरणार नाही याची खात्री आहे. हे खरंच आहे. पण तेवढंच असतं तर कुठलाही गोड सिनेमा चालला असता. तसं होत नाही. दहा सिनेमे त्याच साच्यातून निघतात, त्यातले नऊ आपण विसरतो आणि एक मात्र मोजणं सोडेपर्यंत बघतो. त्या एकात काय असतं?

रविवारी रात्री मी आठवून आठवून यादी केली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या सगळ्या सिनेमांत माणसं बोलतात. एकमेकांशी, खूप वेळ आणि बहुतेक वेळा बिनमहत्त्वाचं.

'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये दोघांना रात्र एका खोलीत काढावी लागते. तो मध्ये दोरी बांधतो आणि तिच्यावर ब्लँकेट टाकतो. मर्यादा पाळली जाते, पण बोलणं ब्लँकेटच्या पलीकडे जातं. त्यातल्या एका रात्री अंधारात तो आपल्या मनातलं एक बेट, तिथलं आयुष्य याबद्दल बोलत राहतो आणि ती पलीकडून ऐकते. शेवटी बापाने जाहीर केलेलं १०,००० डॉलरचं बक्षीस तो मागतच नाही. मागतो फक्त वाटखर्चाचे ३९ डॉलर ६० सेंट. ही गंमत आपल्याला कळते, कारण तोपर्यंत तो कसा माणूस आहे हे आपण ऐकलेलं असतं.

सई परांजपे यांचा 'चश्मेबद्दूर' (१९८१) आठवा. दिल्लीतल्या एका खोलीत राहणारे तीन मित्र. दोघं त्या मुलीवर छाप पाडायला जातात, फजिती करून घेतात आणि परत येऊन बढाया मारतात. तिसरा अभ्यासू. ती 'चमको' साबण पावडर विकायला दारात येते, तेव्हा तो तिचं सगळं प्रात्यक्षिक शांतपणे बघतो आणि ऐकून घेतो. मुलगी कुणाला मिळते? जो ऐकतो त्याला. फारुख शेख आणि दीप्ती नवल यांच्या त्या भेटींत 'घडत' काहीच नाही. दोघं बसतात आणि बोलतात. इतक्या वर्षांनी आपल्या लक्षात तेच राहिलंय.

'व्हेन हॅरी मेट सॅली' (१९८९) तर सगळाच बोलण्याचा सिनेमा. शिकागोहून न्यूयॉर्कला एका गाडीतून जाताना दोघांचं जे वाजतं, ते पुढे बारा वर्षं वाजतच राहतं. आणि आपल्या मराठीतला 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०)? मुलगी मुंबईहून पुण्याला स्थळ बघायला येते. ज्याला भेटायचं तो घरी नाही. दुसऱ्याच एकाबरोबर ती दिवसभर पुण्यात फिरते. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे दोन तास नुसते बोलतात, वाद घालतात, मुंबई मोठी की पुणं मोठं यावरून एकमेकांना टोचतात. शेवट मी सांगत नाही. सांगायची गरजही नाही.

शेवट आधीच ठरलेला असतो, म्हणून आपण ऐकू शकतो. खुनाच्या सिनेमात आपलं लक्ष खुनी कोण याकडे असतं. दोघं जेवताना काय बोलली याकडे कोण लक्ष देतो? इथे ती चिंताच नाही. गाडी कुठल्या स्टेशनला पोहोचणार ते ठाऊक आहे, म्हणून खिडकीतून बाहेर बघता येतं.

न ऐकणारा नायक

म्हणून काकूंचं म्हणणं खोटं ठरतं का? तसं नाही. या सिनेमांत खोटेपणाही भरपूर आहे.

तिथल्या लोकांना घरभाडं नसतं, रजा मागावी लागत नाही, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन नसतं. जात, हुंडा, कर्ज हे शब्द बहुतेक वेळा उच्चारलेच जात नाहीत. सिनेमा लग्नाच्या मांडवात संपतो आणि आपली गोष्ट तिथून सुरू होते. सकाळी दूध कोण तापवणार यावर अजून कुणी गाणं लिहिलेलं मी तरी ऐकलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे, आपल्या कितीतरी सिनेमांनी मुलांना शिकवलं की तिने 'नाही' म्हटलं की मागे लागायचं. आज नाही, उद्या नाही, तेराव्या दिवशी ती हसेल. पडद्यावर ती हसते, कारण पटकथेत तसं लिहिलेलं असतं. रस्त्यावरच्या मुलीला मात्र घरी जायची वाट बदलावी लागते. तिचं 'नाही' ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्या सिनेमाला मी तरी प्रेमाचा सिनेमा म्हणणार नाही.

बासू चॅटर्जी यांचा 'छोटी सी बात' (१९७६) माझा लाडका. पण आज बघताना अमोल पालेकर बस स्टॉपपासून विद्या सिन्हाच्या मागे मागे जातो, तेव्हा मी पूर्वीसारखी हसत नाही. तरी तो सिनेमा मला सोडवत नाही, कारण त्या बिचाऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. त्याला बोलताच येत नाही. त्यासाठी तो खंडाळ्याला अशोक कुमारकडे शिकवणी लावतो. टेबल टेनिस काय, चिनी हॉटेलात काड्यांनी जेवणं काय! एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका मुलीशी दोन वाक्यं धड बोलता यावीत म्हणून.

तर चांगला सिनेमा ओळखायच्या माझ्या खुणा अशा. एक, दोघांमधला अडथळा त्यांच्या स्वभावातून किंवा परिस्थितीतून आलेला असावा. दोन वाक्यांत मिटणारा गैरसमज दीड तास ताणलेला नसावा. दोन, नायिकेलाही स्वतःचं काम, स्वतःचं मत असावं. आणि तीन, मधली गाणी वगळली तरी दोघांना एकमेकांशी बोलायला काही उरावं.

गॅलरीतली दहा मिनिटं

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना काकूंची लेक जिन्यात भेटली. मी सरळच विचारलं, "त्या दिवशी झालं काय नेमकं?"

"काहीच नाही झालं, तेच तर." ती पायरीवरच बसली. "पाऊण तास होते ते. त्याच्या वडिलांनी बाबांना विचारलं, हिची बदली होते का. त्याच्या आईने आईला विचारलं, स्वयंपाक येतो का. मी समोर बसले होते, ताई. मग आम्हाला गॅलरीत पाठवलं. दहा मिनिटं. त्याने विचारलं, 'तुझ्या हॉबीज काय?' मी सांगितल्या. तो म्हणाला, 'गुड.' मग त्याने त्याच्या सांगितल्या. मीही म्हटलं, 'गुड.' तेवढ्यात त्याचा फोन वाजला."

"म्हणजे मुलगा वाईट आहे?"

"तेच माहीत नाही ना! वाईट असता तर सोपं होतं. आई म्हणते मला सिनेमातला हिरो हवा. मला हिरो नकोय. तो कोण आहे, ते कळायला हवंय."

सिनेमाचा शेवट ठरलेला असतो, म्हणून आपण हसतो. पण आपल्या घरांतही शेवट ठरलेलाच असतो. वय झालं, पत्रिका जुळली, आता मुहूर्त आणि हॉल. फरक एवढाच की सिनेमात शेवटाच्या आधीचे दोन तास असतात आणि आपण ते गॅलरीतल्या दहा मिनिटांत उरकतो.

जमवून केलेली लग्नं वाईट, असं मला म्हणायचं नाही. तसं तर 'व्हेन हॅरी मेट सॅली'सुद्धा म्हणत नाही. त्यात अधूनमधून म्हातारी जोडपी कोचावर बसून आपली भेट कशी झाली ते सांगतात. त्यातलं एक आशियाई जोडपं आहे. आजोबा सांगतात, की मध्यस्थाने शेजारच्या गावातली मुलगी सुचवली. लग्नाआधी भेटायची पद्धत नव्हती. पण खात्री करून घ्यावी म्हणून ते लपून त्या गावात गेले, झाडामागे उभे राहिले आणि ती कपडे धूत होती ते बघून आले. मग होकार दिला. संसाराला ५५ वर्षं झाली. न्यूयॉर्कच्या त्या बोलक्या सिनेमाने या जोडप्यालाही तितक्याच मानाने कोचावर जागा दिली आहे. झाडामागून का होईना, त्या माणसाला स्वतः जाऊन बघावंसं वाटलं होतं.

काकूंचे आठ महिने

मंगळवारी मी काकूंकडे गेले. टीव्हीवर कुठल्याशा चॅनेलवर जुनी गाणी चालली होती. मी 'छोटी सी बात'चा विषय काढला. काकूंची कळी खुलली.

"कितीदा बघितलाय! मला तर त्या अमोल पालेकरचा राग यायचा. मी थिएटरात मोठ्याने म्हटलं होतं, अरे बाबा, बोल ना एकदाचं तिच्याशी! हे केवढे ओशाळले होते शेजारी."

"काकू, तुमचं आणि काकांचं लग्नाआधी किती बोलणं झालं होतं?"

"आमचं? छे! आमच्या वेळी कुठलं गं. मी पोहे ठेवले, मान खाली घालून आत गेले."

"आणि लग्नानंतर?"

काकू जरा थांबल्या. टीव्हीचा आवाज कमी केला.

"खरं सांगू? हे माझ्याशी नीट बोलले ते लग्नानंतर आठ महिन्यांनी. मला टायफॉइड झाला होता. रात्रभर उशाशी बसून होते. झोप येऊ नये म्हणून आपल्या शाळेतल्या गोष्टी सांगत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे गमतीदार आहेत." त्या हसल्या. "आठ महिने मी समजत होते, माणूस रागीट आहे. ते लाजत होते गं."

मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "तापच आला नसता तर?"

बुधवारी काकूंनी मुलाच्या आईला फोन केला. उत्तर द्यायला अजून थोडे दिवस मागून घेतले आणि मुलांना एकदा बाहेर भेटू द्या म्हणाल्या. तिकडून जरा कुरकुर झाली, मग होकार आला. शनिवारी दोघं स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे भेटली. सोबत कुणी नाही. फोन बंद ठेवायचा, ही अट लेकीने घातली होती आणि त्याने ती लगेच मान्य केली, असं कळलं.

ज्यांच्या घरात लग्नाची मुलं-मुली आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं. पत्रिका बघा, पगार बघा, फ्लॅटची कागदपत्रंही बघा. पण त्या दोघांना एक संध्याकाळ द्या, आणि एक पुरली नाही तर दुसरीही. आणि त्यानंतर लेकीने किंवा लेकाने 'नाही' म्हटलं तर ते ऐका. होकाराला जेवढा मान, तेवढाच नकारालाही हवा.

शनिवारी रात्री नऊला काकू माझ्या दारात उभ्या. हातात वाटी नव्हती, म्हणजे घाईत आल्या होत्या.

"आली गं आत्ता. अडीच तास! मी म्हटलं, जमलं का? तर म्हणते, आई, अजून माहीत नाही, पुढच्या शनिवारी पुन्हा भेटतोय." त्यांनी आवाज खाली आणला. "अडीच तास काय बोलत असतील गं?"

"विचारलं नाहीत?"

"नाही बाई," काकू म्हणाल्या. "ते त्यांचं त्यांना राहू दे."